महाविद्यालयीन ग्रंथपाल शिक्षक की शिक्षकेतर? एका सहकारी मॅडमना सविस्तर उत्तर

नाशिक जिल्ह्यातल्या एका अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयातल्या ग्रंथपाल मॅडमनी विचारलं आहे: त्या नेट उत्तीर्ण आहेत, नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता आहे, पगार सहायक प्राध्यापकासारखाच लेव्हल 10 चा आहे. तरीही मस्टरवर त्यांचं नाव शिक्षकेतरांच्या पानावर आहे, प्राध्यापकांच्या सभेची सूचना त्यांच्यापर्यंत येत नाही आणि प्रवेशाच्या दिवसांत त्यांना फी काउंटरवर बसवलं जातं. "आम्ही शिक्षक आहोत की नाही? असू तर भांडायचं कुणाशी?" असा त्यांचा सवाल आहे.

मॅडम, माझी सगळी नोकरी नाशिकच्याच कॉलेज ग्रंथालयात गेली, त्यामुळे तुमच्या प्रश्नातली प्रत्येक ओळ मला ओळखीची आहे. पण तुम्ही एक प्रश्न विचारलात असं दिसत असलं तरी त्यात तीन वेगळे प्रश्न आहेत. पगार आणि पदोन्नतीच्या बाबतीत सरकार तुम्हाला कोणाच्या बरोबरीने धरतं, हा पहिला. विद्यापीठाचा कायदा तुम्हाला कोणत्या व्याख्येत बसवतो, हा दुसरा. आणि तुमच्या कॉलेजातले प्राध्यापक तुम्हाला आपल्यातलं मानतात का, हा तिसरा. पहिल्या दोन्हींची उत्तरं बरीचशी कागदावर आहेत. तिसऱ्याचं उत्तर कोणत्याही शासन निर्णयात सापडणार नाही. आपल्यातले बरेच जण तिसऱ्याचं दुःख घेऊन पहिल्याचे कागद फिरवत बसतात. म्हणून हे वेगळं करून सांगतो.

आधी पगार. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 18 जुलै 2018 चे विनियम शिक्षकांसाठी आणि इतर शैक्षणिक कर्मचाऱ्यांसाठी आहेत. ग्रंथपाल आणि शारीरिक शिक्षण संचालक या दुसऱ्या गटात येतात. पात्रता ग्रंथालयशास्त्रातली पदव्युत्तर पदवी किमान 55 टक्क्यांनी, त्यावर नेट किंवा सेट. प्रवेशाचा स्तर सहायक प्राध्यापकाचाच, सुरुवातीचं मूळ वेतन 57,700 रुपये. आपल्या राज्याने 8 मार्च 2019 च्या शासन निर्णयाने सातवा वेतन आयोग लागू केला, तेव्हा शिक्षकांबरोबर आपणही त्यात होतो. हे आपल्याला कुणी मेहेरबानी म्हणून दिलेलं नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ अनुदान आयोगाने 1957 साली नेमलेल्या ग्रंथालय समितीने ग्रंथालय कर्मचाऱ्यांचा दर्जा आणि वेतन अध्यापकांच्या बरोबरीचं असावं, अशी शिफारस केली होती. तिथून इथवर यायला आपल्या आधीच्या पिढ्यांनी निवेदनं दिली, मोर्चे काढले, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. तुमच्या पगारपत्रकातला तो लेव्हल 10 चा आकडा त्यांच्यामुळे आहे.

आता कायदा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 च्या कलम 2 मध्ये शिक्षकाची व्याख्या दिली आहे. प्राध्यापक, सहयोगी आणि सहायक प्राध्यापक, प्राचार्य यांच्यासोबतच त्या व्याख्येत महाविद्यालयीन ग्रंथपालाचा उल्लेख आहे. 1994 च्या जुन्या अधिनियमातही तो होता. अट इतकीच की नेमणूक पूर्णवेळ आणि मान्यताप्राप्त हवी. तुमच्याकडे मान्यतापत्र आहे, म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात तुम्ही या कायद्यापुरत्या शिक्षक आहात. ही व्याख्या छापून घ्या आणि मान्यतापत्राच्या झेरॉक्सला जोडून ठेवा. प्राचार्यांशी बोलताना या दोन कागदांनी आवाज न चढवता काम होतं.

यात परिस्थितीनुसार काय बदलतं, तेही स्पष्ट सांगायला हवं. तुम्ही विनाअनुदानित कॉलेजात असाल, नेमणूक तासिका तत्त्वावर किंवा अकरा महिन्यांच्या करारावर असेल आणि विद्यापीठाची मान्यताच घेतलेली नसेल, तर ही व्याख्या तुमच्यापर्यंत पोचत नाही. तिथे पहिली लढाई मान्यतेची, दर्जाची नंतर. नर्सिंग, आयुर्वेद किंवा इतर आरोग्यशाखेचं कॉलेज म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे येतं आणि त्याचे नियम वेगळे. मुक्त विद्यापीठाची रचना वेगळी, खासगी विद्यापीठांची त्याहून वेगळी. आपल्या एकट्या नाशिकमध्ये गंगापूर रोड ते म्हसरूळ एवढ्या अंतरात ग्रंथपालाच्या सेवाशर्तींचे चार प्रकार भेटतील. म्हणून शेजारच्या कॉलेजातल्या मैत्रिणीला काय मिळतं यावरून आपला हिशोब मांडू नका. आपली नियामक संस्था कोणती आणि आपल्या नेमणूकपत्रात काय लिहिलंय, तिथून सुरुवात करा.

सुट्ट्यांचा मुद्दा स्वतंत्र आहे. बहुतेक ठिकाणी ग्रंथालय दीर्घ सुट्टीतही उघडं असतं, म्हणून ग्रंथपालाला दीर्घ सुट्टी न देता अर्जित रजा देतात. अनेक सहकारी याला अपमान समजतात. मी समजत नाही. मे महिन्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला पेठ-सुरगाण्याकडून आलेली मुलं वाचनकक्षात बसलेली असतात, तेव्हा कुणीतरी तिथे असायलाच हवं. पण मग अर्जित रजा पूर्ण खात्यावर जमा झाली पाहिजे. सुट्टीही नाही आणि रजाही नाही, असं कुठे चालू असेल तर तो सरळ अन्याय आहे. त्यासाठी लेखी अर्ज करा, आवक क्रमांक घ्या, गरज पडली तर उच्च शिक्षणाच्या विभागीय सहसंचालक कार्यालयापर्यंत जा.

तर मग कागदावर इतकं सगळं असताना मस्टरवर तुमचं नाव शिक्षकेतरांच्या पानावर कसं? माझ्या मते त्याचं मूळ आपलं काम मोजण्याच्या पद्धतीत आहे, आणि इथे थोडं थांबायला हवं.

2018 च्या विनियमांत पदोन्नतीसाठी शिक्षकांचं आणि ग्रंथपालांचं मूल्यमापन वेगवेगळ्या तक्त्यांनी होतं. शिक्षकाच्या तक्त्यात पहिला निकष नेमून दिलेल्या तासांपैकी प्रत्यक्ष किती घेतले हा आहे. 80 टक्के किंवा जास्त घेतले तर 'चांगलं'. ग्रंथपालाच्या तक्त्यात पहिला निकष ग्रंथालयातली हजेरी. अपेक्षित दिवसांपैकी 90 टक्के किंवा जास्त दिवस उपस्थित असाल तर 'चांगलं'. पुढे पुस्तकांची नोंद संगणकावर पूर्ण आहे का, आणि साठा तपासणी झाली का, हे येतं. गहाळ पुस्तकं अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी असतील तर 'चांगलं', एक टक्का किंवा जास्त असतील तर 'असमाधानकारक'.

याचा परिणाम बघा. शिक्षकाला आपण विचारतो, किती शिकवलंस. ग्रंथपालाला विचारतो, किती दिवस बसलीस आणि किती पुस्तकं हरवली. पगार एक आणि मोजमाप वेगळं. गहाळ पुस्तकांचा तो अर्धा टक्का डोक्यावर असला की माणूस कपाटांना कुलूप लावतो, मुक्तद्वार पद्धत (विद्यार्थ्याने स्वतः कपाटातून पुस्तक निवडण्याची) बंद करतो आणि विद्यार्थ्याला चिठ्ठीवर नाव लिहून काउंटरवर उभं करतो. मग तो विद्यार्थी, त्याचे प्राध्यापक आणि कार्यालयातले बाबूसुद्धा आपल्याला सामान सांभाळणारा माणूस समजू लागतात. हा नियम बदलायला हवा, असं माझं ठाम मत आहे. साठा तपासणी हवीच, पण ती पदोन्नतीचा एवढा मोठा निकष असता कामा नये. संघटनेच्या निवेदनांत पगाराच्या मागण्यांबरोबर हीही मागणी पहिल्या पानावर यायला हवी.

याच तक्त्यात शेवटच्या निकषाखाली पर्याय दिलेत, त्यांतली कोणतीही दोन कामं केली तर 'चांगलं'. त्यात एक पर्याय आहे वाचकांसाठी अल्पमुदतीचे अभ्यासक्रम तयार करून शिकवण्याचा. प्रवेश, परीक्षा अशा प्रशासकीय कामांत मदत हाही तिथलाच दुसरा पर्याय. प्राचार्य तुम्हाला फी काउंटरवर बसवतात तेव्हा ते बहुधा या दुसऱ्या पर्यायाच्या आधारे बसवतात, आणि ते सर्वस्वी बेकायदा नाही. तुम्ही पहिला पर्याय घट्ट धरा. तो एक पर्याय धरून ठेवल्यामुळे माझ्या कॉलेजात चित्र पालटलं.

झालं असं. भूगोलाच्या तृतीय वर्षाच्या मुलांना प्रकल्प असायचा. लासलगावच्या कांदा बाजारावर दरवर्षी चार-पाच प्रकल्प यायचे आणि सगळ्यांत इंटरनेटवरून उतरवलेले तेच परिच्छेद असायचे. मी प्राचार्यांकडे गेलो नाही, भूगोलाच्या विभागप्रमुखांकडे गेलो. म्हटलं, मला प्रकल्पाच्या पेपरमधला एक तास द्या, संदर्भ कसे शोधायचे ते मी शिकवतो. त्या तासाला मी 1883 चा नाशिक जिल्ह्याचा गॅझेटियर घेऊन गेलो. त्यात आपल्या तालुक्याबद्दल काय लिहिलंय ते मुलांना शोधायला लावलं. मग ॲगमार्कनेट या शेतमालाच्या बाजारभावांच्या सरकारी संकेतस्थळावर लासलगावची आवक आणि भाव तारखेनुसार कसे काढायचे ते दाखवलं. जनगणनेची जिल्हा पुस्तिका उघडून दिली. शेवटी एकच काम दिलं: वर्तमानपत्रातली कांद्याच्या भावाची बातमी घ्या आणि तिच्यातला प्रत्येक आकडा कुठून आला ते शोधून आणा. दिंडोरीकडची एक मुलगी दुसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, सर, बातमीतला भाव एका दिवसाचा आहे आणि मथळा महिन्याचा. त्या वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काम केलं.

पुढच्या वर्षी भूगोलाने तो तास वेळापत्रकात लावला. इथे माझा आग्रह आहे, मॅडम. तोंडी बोलावणं आलं की जा, पण दुसऱ्या वेळेला वेळापत्रकावर तुमचं नाव छापून घ्या. हजेरीपत्रक वेगळं ठेवा. पंधरा-वीस गुणांची छोटी चाचणी घ्या आणि तिच्या उत्तरपत्रिका जपा. सत्र संपलं की आयक्यूएसीला (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाला) एका पानाचा अहवाल द्या, म्हणजे वार्षिक अहवालात तो जाईल. नॅकच्या (महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) मूल्यांकनात ग्रंथालय हा शिकण्याचा स्रोत म्हणून स्वतंत्रपणे पाहिलं जातं. समिती आल्यावर प्राचार्यांना दाखवायला काही हवंच असतं, आणि पुस्तकांच्या संख्येपेक्षा हा अहवाल जास्त बोलतो. आमच्याकडे अर्थशास्त्र आणि मराठी विभागानेही पुढे तास मागितले, आणि प्राध्यापकांच्या सभेची सूचना त्यानंतर न मागता येऊ लागली.

तुमच्या कॉलेजात पीएच.डी. संशोधन केंद्र असेल तर वाट आणखी सरळ आहे. संशोधन आणि प्रकाशन नैतिकता हा दोन श्रेयांकांचा, 30 तासांचा अभ्यासक्रम आयोगाने पीएच.डी.च्या पूर्वतयारीत अनिवार्य केला आहे. त्याच्या सहा घटकांपैकी प्रात्यक्षिकाचे तीन घटक म्हणजे मुक्त प्रवेश प्रकाशन, प्रकाशनातले गैरप्रकार आणि डेटाबेस व संशोधन-मापन. हे तिन्ही घटक ग्रंथपालाएवढे रोज हाताळणारा कॉलेजात दुसरा कोणी नसतो. वाङ्मयचौर्यविषयक 2018 च्या विनियमांप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि त्यापुढे पायऱ्या आहेत, हे संशोधकाला समजावून सांगण्याचं काम बहुतेक केंद्रांत तुम्ही आधीच करत असाल. ते 'सॉफ्टवेअर चालवून द्या' या स्वरूपात करू नका. तो अभ्यासक्रमातला तुमचा तास म्हणून मागा.

काही सहकारी इथे मला अडवतात. ते म्हणतात, आम्ही आधीच शिक्षक आहोत, मग शिकवून का सिद्ध करायचं? त्यांचा राग रास्त आहे. माझं उत्तर असं की देय गोष्टी आणि मान या दोन वेगळ्या खात्यांत ठेवा. पगार, पदोन्नती, रजा, मान्यता हे तुमचे हक्क आहेत. त्यासाठी काहीही सिद्ध करायची गरज नाही, फक्त कागद हवेत, आणि त्या बाबतीत कधीही विनंतीच्या सुरात लिहू नका. मान मात्र सहकाऱ्यांच्या मनात असतो. तो त्यांना तुमचं शिकवणं दिसल्यावर येतो.

न्यायालयाचीही नजर शेवटी कामावरच गेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली आंध्र प्रदेश कृषी विद्यापीठाच्या प्रकरणात शारीरिक शिक्षण संचालकाला शिक्षक मानलं, ते तो खेळाचे नियम आणि कौशल्यं विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष शिकवतो हे पाहून. वर्गात फळ्यासमोर उभं राहिलं तरच ते शिकवणं, असा अर्थ न्यायालयाने घेतला नाही. हा निकाल ग्रंथपालाला आपोआप लागू होत नाही, तिथला कायदा आणि व्याख्या वेगळी होती. पण उद्या तुमच्यावर वाद घालायची वेळ आली तर तुमची हजेरीपत्रकं आणि चाचण्या हाच तुमचा पुरावा असेल, हे त्यातून कळतं.

हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने 1944 मध्येच ग्रंथपालांना अध्यापकांचा दर्जा दिला, आणि तिथल्या महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या संघटनेने 1971 मध्ये त्यासाठी मानकं मंजूर केली. तरीही आजपर्यंत सगळ्या विद्यापीठांनी ते मानलेलं नाही. जिथे मानलं, तिथे ग्रंथपालांना संशोधन आणि लेखनही अध्यापकांसारखंच करावं लागतं. आपल्यातल्या काहींना दर्जा हवा असतो आणि ती तपासणी नको असते. मला ते पटत नाही. सहकारी म्हणून बसायचं तर सहकाऱ्यांच्या प्रश्नांना सामोरं जायची तयारी हवी: वर्षातून एक तरी निबंध लिहावा, विभागाच्या चर्चासत्रात उठून बोलावं, आणि नवी पुस्तकं आली की प्राध्यापकांना नुसती यादी न पाठवता त्यातलं एक वाचून त्यावर बोलावं.

आता तुमच्या मस्टरबद्दल आणि सभेबद्दल. यात भांडणाची गरज नाही, पण गप्पही बसू नका. 2016 च्या त्याच विद्यापीठ अधिनियमाच्या कलम 97 खालच्या महाविद्यालय विकास समितीत पूर्णवेळ शिक्षकांमधून निवडून आलेले तीन शिक्षक असतात आणि शिक्षकेतरांमधून एक. तुमच्या कॉलेजात शेवटची निवडणूक झाली तेव्हा तुमचं नाव कोणत्या मतदारयादीत होतं, ते कार्यालयातून काढा. शिक्षकांच्या यादीत असेल तर मस्टरच्या पानाचा प्रश्न तिथेच सुटतो: एकाच कॉलेजात तुम्ही एका कागदावर शिक्षक आणि दुसऱ्यावर शिक्षकेतर असू शकत नाही. शिक्षकेतरांच्या यादीत असेल तर व्याख्या आणि मान्यतापत्र जोडून प्राचार्यांना दुरुस्तीचं पत्र द्या. पत्र अर्ध्या पानाचं असू द्या. त्यात तक्रार, इतिहास, इतरांची उदाहरणं काहीही नको. 'कायद्यातील व्याख्येनुसार माझी नोंद शिक्षकांमध्ये घेण्यात यावी आणि शिक्षकांच्या सभांची सूचना मला मिळावी,' एवढंच. लेखी उत्तर येईपर्यंत महिन्यातून एकदा स्मरणपत्र द्या.

फी काउंटरबद्दल माझा सल्ला असा की पूर्ण नकार देऊ नका, वेळ बांधून घ्या. प्रवेशाच्या काळात दोन तास मदत करते, पण बाकी वेळ नवीन विद्यार्थ्यांच्या ग्रंथालय परिचयासाठी राखून ठेवते, असं लिहून द्या आणि त्या परिचय-वर्गाचं वेळापत्रक सोबत जोडा. प्राचार्यांना वेळापत्रक असलेलं काम मोडणं अवघड जातं.

आणि हे सगळं चालू असताना पदोन्नतीचा पहिला टप्पा हातचा जाऊ देऊ नका. लेव्हल 10 मधून 11 मध्ये जायला पीएच.डी. असेल तर चार वर्षं, एम.फिल. असेल तर पाच, नुसती पदव्युत्तर पदवी असेल तर सहा वर्षं सेवा लागते. सोबत 21 दिवसांचा उद्बोधन वर्ग आणि ग्रंथालय संगणकीकरणासारख्या विषयावरचं किमान पाच दिवसांचं प्रशिक्षण. देय दिनांकाच्या आत दोन्ही प्रमाणपत्रं हातात हवीत. उद्बोधन वर्गासाठी प्राचार्य सोडत नाहीत ही तक्रार फार ऐकू येते, कारण काउंटरवर बसायला दुसरं कुणी नसतं. म्हणून अर्ज तीन महिने आधी द्या, आणि त्या काळात देवघेव कोण पाहील त्याची व्यवस्था अर्जातच लिहा. ऑनलाइन वर्ग मिळत असेल तर तो घ्या, पण त्या दिवसांसाठी कर्तव्यरजेचा आदेश लेखी घेतल्याशिवाय सुरुवात करू नका. पदोन्नतीच्या फाइलमध्ये तो आदेश लागतो, आणि नंतर मागितला तर तारीख जुळत नाही.